कारंजं बांधणाऱ्याचं नाव पाटीवर, चालवणाऱ्याचं कुठं?

पातूरकर हो, स्पष्टच बोलतो. राग आला तरी चालेल.

आपल्या भागात चौक सुशोभीकरण म्हटलं की पहिले आठवते कारंजं. कोनशिला, नारळ, फोटो. मग पंप जळतो, टाक्यात पुड्या साचतात आणि पुढच्या वेळी तेच कारंजं 'नव्यानं' होते. विचारलं तर उत्तर तयार: मुंबईले पाहा!

पाहू न मग. हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन १८६४ चं. वर उभी फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. आराखडा नॉर्मन शॉचा, शिल्प जेम्स फोर्सिथचं, दगड विलायतेतून आणलेला. कर्सेटजी फरदूनजी पारेख यांनी २० हजार रुपये दिले. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, तो हाच काळ. त्या कापसात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा होता; अमरावतीच्या नावावरून विलायतेत त्याले 'उमरा' म्हणत. म्हणून 'परकी देवी, हटवा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण या फ्लोराचंही पाणी बंद पडलं होतं. गळके नळ, दगडावर रंगाचे थर. ते थर काढले, नळाचं काम केलं, तेव्हा कुठं जानेवारी २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं. दीडशे वर्षांच्या दगडालेही निगा लागते. नकल करायचीच तर निगेची करा.

"गावाले शोभा नको का?" पाहिजे न, भाऊ! पण मे महिन्यात घरी नळाची वाट पाहणाऱ्याले चौकात उडणारं पाणी टोचते. आणि शोभा म्हणता, तर आपल्या टेकडीत कोरलेली लेणी फ्लोरापेक्षा कितीतरी शतकं जुनी आहेत. किती पोरांनी पाहिली? तिथं आधी झाडू, वाट आणि माहितीचा फलक पोहोचू द्या.

कोणी कारंज्याचा ठराव आणला तर तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून? विजेचं बिल कोणाचं? पाच वर्षांनी पंप बिघडला तर जबाबदार कोण? उत्तरं लेखी घ्या आणि उद्घाटनाच्या पाटीवर कोरा. उत्तरं नसतील, तर नारळ फोडू नका. पैसा तुमच्याच कराचा आहे, राजेहो.