एपिसोड वन वगळू नका!

"स्टार वॉर्स बघायचंय? मग चार, पाच, सहा बघ. एक, दोन, तीन सोडून दे." हा सल्ला आपल्या हॉस्टेलमध्ये मला इतक्या जणांनी दिलाय की तो प्रॉस्पेक्टसमध्येच छापून टाकावा! गंमत म्हणजे सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी एक-दोन-तीन धड बघितलेलेच नाहीत. त्यांना सिनिअरने सांगितलं, सिनिअरला त्याच्या दादाने. थोडक्यात, आपल्या जर्नल्ससारखंच. वर्षानुवर्षं कॉपी चाललीय, रीडिंग कुणीच घेतलेलं नाही.

यंदा पीएल संपता संपता (रेक्टर मॅडम, अभ्यास झाल्यावरच हं!) आमच्या विंगने सहाही भाग ओळीने बघितले. त्यावरचं हे माझं मत. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची.

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी : जॉर्ज लुकासचा 'स्टार वॉर्स' १९७७ मध्ये आला. पुढचे दोन भाग १९८० आणि १९८३ मध्ये. हे झाले चार, पाच आणि सहा. त्याच्या आधीची गोष्ट सांगणारे एक, दोन, तीन नंतर आले : 'द फँटम मेनेस' १९९९ मध्ये, 'अटॅक ऑफ द क्लोन्स' २००२ मध्ये आणि 'रिव्हेंज ऑफ द सिथ' २००५ मध्ये, म्हणजे माझ्या जन्मसाली. माझ्या वयाच्या मुलांनी लहानपणी टीव्हीवर हेच तीन आधी बघितले. काळ्या मुखवट्यातला डार्थ व्हेडर हा आधी ॲनाकिन नावाचा एक गोड मुलगा होता, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत. मोठ्यांना त्याचा धक्का बसला, आम्हाला त्याचं वाईट वाटलं. फरक आहे.

आता आधी शिव्या घालून घेते, म्हणजे मला कुणी भक्त म्हणायला नको. या तीन भागांतले संवाद भयंकर आहेत. दुसऱ्या भागात ॲनाकिन पद्मेवर प्रेम करतो आणि बोलतो कशाबद्दल, तर वाळू किती खरखरीत असते त्याबद्दल! आमच्या कॉमन रूममध्ये या सीनला उश्या फेकाफेकी झाली. पण दोष एकट्या हेडन क्रिस्टेन्सनचा नाही, त्याच्या तोंडी तेच दिलेलं होतं. १९८० चा 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लोकांना सगळ्यात जास्त आवडतो. त्याची कथा लुकासची, पण पटकथा ली ब्रॅकेट आणि लॉरेन्स कॅस्डन यांची, दिग्दर्शन अर्विन कर्शनरचं. एक-दोन-तीनच्या वेळी मात्र तिन्हींचा दिग्दर्शक लुकासच, आणि लेखनही बहुतेक त्याचंच. "सर, हे वाक्य कुणी माणूस बोलत नाही हो," असं त्याला सांगणारं सेटवर कुणी उरलं नसावं, असं आपलं मला वाटतं.

दुसरी शिवी मिडिक्लोरियन्सना. आधीच्या भागांत 'फोर्स' म्हणजे जरा गूढ, ध्यानधारणेकडे झुकणारी गोष्ट होती. इथे एकदम ब्लड टेस्ट! काउंट वीस हजाराच्या वर, म्हणून मुलगा हुशार. पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट बघून ॲडमिशन दिल्यासारखं वाटतं.

आणि जार-जार बिंक्स. त्याच्यावर मी हसले नाही, चिडलेही नाही, पण त्याच्यामागच्या माणसाबद्दल वाचून गप्प झाले. अहमद बेस्ट हा तो नट. २०१८ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की लोकांच्या शिव्यांनी तो जीव देण्याच्या टोकापर्यंत गेला होता. एका कार्टूनछाप पात्रासाठी! २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' मालिकेत तो जेडाय होऊन दोन्ही हातांत तलवारी घेऊन आला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बरं झालं, पण मधली चोवीस वर्षं कोण भरून देणार?

तर, इतकं सगळं असूनही मी म्हणते की हे तीन भाग बघायलाच हवेत. कारण त्यांच्यात एक गोष्ट आहे जी चार-पाच-सहामध्ये नाही. तिथे सम्राट आधीपासून बसलेलाच आहे. वाईट माणूस, काळा झगा, वीज सोडणारी बोटं. तो तिथे पोचला कसा? एक-दोन-तीनचं उत्तर असं की त्याला निवडून दिला!

नीट बघा. पहिल्या भागाची सुरुवात व्यापारी मार्गांवरच्या टॅक्सच्या भांडणाने होते. या टॅक्सवरून लोक पंचवीस वर्षं टिंगल करतायत, की लढाया बघायला आलो आणि हे काय सिव्हिक्सचा तास घेतायत! पण भांडणातून ट्रेड फेडरेशन नाबू ग्रहाची नाकेबंदी करतं. चौदा वर्षांची राणी सिनेटमध्ये दाद मागायला जाते. तिथे काय होतं? चौकशी समिती नेमायचं! मग नाबूचाच सिनेटर पॅल्पटीन तिच्या कानाशी लागतो, की चॅन्सेलर कमकुवत आहे, अविश्वास ठराव आण. ती आणते. चॅन्सेलर पडतो आणि सहानुभूतीच्या लाटेवर पॅल्पटीन निवडून येतो. आणि मुळात ती नाकेबंदी करवली कुणी? त्यानेच, दुसऱ्या नावाने.

दुसऱ्या भागात दहा वर्षं झालेली. हजारो ग्रह फुटून निघालेत. पद्मे सैन्य उभारायच्या विरोधात आहे, पण जिवाला धोका म्हणून तिला राजधानीबाहेर पाठवलंय आणि तिच्या जागी सिनेटमध्ये कोण? आपले जार-जार. हा भाबडा प्राणी उभा राहतो आणि चॅन्सेलरला आणीबाणीचे अधिकार द्यावेत असा ठराव मांडतो. सगळे टाळ्या वाजवतात. पॅल्पटीन म्हणतो, संकट टळलं की अधिकार परत करीन. आपल्या मेसमध्ये 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून लावलेलं टेबल आठवतं का? आम्ही फर्स्ट इयरला होतो तेव्हापासून ते तिथेच आहे.

या भागातला मला सगळ्यात आवडलेला धागा मात्र वेगळा आहे. ओबी-वान कामिनो ग्रहावर जातो तर तिथे दोन लाख क्लोन सैनिक तयार, आणखी दहा लाख येऊ घातलेत. ऑर्डर दहा वर्षांपूर्वी एका जेडायच्या नावाने दिलेली, आणि तो तर केव्हाच मेलेला. म्हणजे ऑर्डर खरी कुणी दिली, पैसे कुणी भरले, काही पत्ता नाही. इथे कॉलेजात वर्कशॉपला एक व्हर्नियर कॅलिपर घ्यायचा तर तीन कोटेशन्स लागतात! पण युद्ध तोंडावर आलेलं, सैन्य आयतं मिळालेलं, म्हणून योडासारखा शहाणा माणूसही ते घेऊन लढायला निघतो. तिसऱ्या भागात त्याच सैन्याला एक हुकूम जातो आणि ते जेडायनाच गोळ्या घालतं. ज्या सिस्टिमचं डिझाइन कुणी केलं हे माहीत नाही ती लाइव्ह कराल का तुम्ही? ई अँड टीसीवाल्यांनी तरी उत्तर द्यावं.

जेडाय लोकांबद्दल माझं मत या वेळी फारच खाली आलं. ॲनाकिन गुलामाचा मुलगा. त्याला सोडवून नेतात, आई मागेच राहते. बरं, त्या दिवशी जमलं नसेल. पण पुढच्या दहा वर्षांत इतक्या थोर मंडळींपैकी एकालाही वाटू नये की त्या बाईला सोडवून आणावं? तिसऱ्या भागात तोच मुलगा भयानक स्वप्नं पडतात म्हणून योडाकडे जातो, माझं माणूस मरेल अशी भीती वाटते म्हणतो. योडा सांगतो, आसक्ती सोडायला शीक. तत्त्वज्ञान म्हणून थोरच, पण घाबरलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? हॉस्टेलमध्ये घरी कुणी आजारी असलेल्या मुलीला "अभ्यासात लक्ष घाल" सांगतात ना, तसंच. तिचं ऐकून घेणारं जे कुणी पहिलं भेटेल त्याच्याकडे ती जाणार. ॲनाकिनचं ऐकून घेणारा एकच होता, पॅल्पटीन. त्यांचा ऑपेरातला सीन पुन्हा बघा. तलवार नाही, स्फोट नाही, दोन माणसं शेजारी बसून हळू आवाजात बोलतायत आणि मुलगा हातचा जातोय. इयन मॅकडर्मिडने हा सीन असला केलाय की आमच्या कॉमन रूममध्ये मोबाइल बघणारेसुद्धा मान वर करून बसले.

शेवटी साम्राज्याची घोषणाही सिनेटमध्येच होते, टाळ्यांच्या कडकडाटात. लुकासने २००५ मध्ये कान महोत्सवात सांगितलं होतं की ही कल्पना व्हिएतनाम युद्ध आणि निक्सनच्या काळातली. लोकशाही हुकूमशाहीत कशी बदलते, हा त्याचा प्रश्न होता. जर्मनीत मार्च १९३३ मध्ये संसदेनेच कायदे करायचा अधिकार हिटलरच्या सरकारला मतदान करून दिला, हे आपण शाळेत चार मार्कांसाठी पाठ केलंय. मला ते या सिनेमाने समजलं.

आता काही जण म्हणतात, डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतल्यावर जे तीन भाग काढले (२०१५, २०१७, २०१९) ते फसले, म्हणून आता जुने बरे वाटतात. मला हे बिलकूल पटत नाही. शेजारणीची केटी लागली म्हणून माझे मार्क वाढत नाहीत! एक-दोन-तीनमध्ये जे आहे ते तेव्हाही होतं.

जाता जाता एक गंमत. पहिल्या भागातल्या शेवटच्या तलवारबाजीला जॉन विल्यम्सचं जे संगीत आहे, त्यातला कोरस चक्क संस्कृतमध्ये आहे! एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी संस्कृतात नेलेल्या, तेही अर्थापेक्षा नाद बघून. दहावीला संस्कृत घेतलेल्या माझ्या रूममेटने तीनदा ऐकलं. एक विभक्ती ओळखता आली नाही. आणि पॉड-रेसच्या स्टेडियममधली ती प्रचंड गर्दी? छोट्या मॉडेलमध्ये खोचलेल्या, रंगवलेल्या कापसाच्या काड्या, कान साफ करायच्या! "सगळं कॉम्प्युटरवर केलंय" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावं.

क्रम विचाराल, तर पहिल्यांदा बघणाऱ्यांनी चार, पाच बघावेत, मग मागे जाऊन एक, दोन, तीन, आणि शेवटी सहा. काही हुशार लोक यातून एक गाळतात. गाळू नका, तो अविश्वास ठराव तिथेच आहे. आणि मग कधीतरी चौथा पुन्हा लावा. सुरुवातीला डेथ स्टारवर अधिकाऱ्यांची मीटिंग चालू असते, टार्किन येतो आणि सहज सांगतो की सम्राटाने सिनेट कायमची बरखास्त केली. एकच वाक्य आहे, १९७७ पासून तिथेच. म्हणजे साम्राज्य आल्यावरही एकोणीस वर्षं सिनेट चालूच होती, खुर्च्या होत्या, भाषणं होती. एक अधिकारी विचारतो, मग कारभार कसा चालणार? टार्किनचं उत्तर ऐकताना आवाज थोडा वाढवा.