इमान मिरवायचं की सांभाळायचं?

वाडीत अमरावती रोडला लागून ट्रान्सपोर्टची गोडाऊनं आहेत. रोज दुसऱ्याचा माल इथे उतरतो, मोजला जातो, पुढे जातो. अशाच एका गोडाऊनबाहेर चहा घेताना आमचा दीन कसा श्रेष्ठ, हे मी मित्रांना तावातावाने सांगत होतो. तेवढ्यात एक हमाल आतून आला आणि मुनीमजींना म्हणाला, "बिल्टीवर चाळीस नग आहेत, उतरले एक्केचाळीस. एक आपला नाही." एवढं सांगून तो पुन्हा कामाला लागला. त्याचा धर्म मी विचारला नाही.

त्या रात्री मला हबक्कूक आठवला. इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला हा हिब्रू संदेष्टा. कुरआनात त्याचं नाव नाही. पण ज्यांची हकीकत सांगितलेली नाही असेही प्रेषित होऊन गेले, हे कुरआनच सांगतं. त्याचं पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचं. बाबिलोनची सत्ता माजत होती. जुलमी माणूस जिंकतोच कसा, असा सवाल त्याने थेट देवाला केला. मिळालेल्या उत्तराचं सार असं: गर्वाने फुगलेल्याच्या अंतरात सरळपणा उरत नाही, भला माणूस तगतो तो निष्ठेवर.

तिथला हिब्रू शब्द आहे 'एमुना'. आपले ईमान, अमानत, आमीन हे त्याच धातूचे भाऊबंद. एमुना म्हणजे नुसतं मानणं नव्हे. ढळू नये, भरवशाला उतरावं, हा त्याचा अर्थ. मराठीतही आपण 'इमानाला जागला' म्हणतो, ते याच अर्थाने.

काही जण म्हणतील, चहूबाजूंनी बोट दाखवलं जात असताना अभिमान हाच आपला आधार. पण हबक्कूकवर तर परचक्र येत होतं, तरी त्याला गर्वाला गर्वाने उत्तर द्यायला सांगितलं गेलं नाही. इब्लिसही अल्लाहला मानत होताच. 'मी श्रेष्ठ' या एका भावनेने तो बुडाला. उलट इ.स. 622 मध्ये मक्का सोडताना पैगंबरांनी (स.) हजरत अलींना मागे ठेवलं, ते लोकांच्या ठेवी परत करायला. ज्या शहराने छळलं, त्याच शहरातल्या लोकांच्या त्या ठेवी होत्या.

एका ओळखीच्या माणसाचे उसने पैसे माझ्याकडे वर्षभर पडून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत करून आलो. दीनविषयी बोलायचा हक्क त्यानंतरच जरा मिळाल्यासारखा वाटला.