भाषेचा धर्म विचारणाऱ्यांना

सर्बियन आणि बेलारूसी या दोन भाषांची तुलना करायची म्हटली की एक तयार उत्तर पुढे येते. दोन्ही स्लाव्ह कुळातल्या, दोन्ही सिरिलिक लिपीत लिहिल्या जाणाऱ्या, दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स चर्चचे प्राबल्य. म्हणजे दोन्ही रशियनच्या धाकट्या बहिणी. हे उत्तर सोपे आहे, आणि चुकीचे आहे. त्यात लिपीवरून नाते ठरवले आहे, धर्मावरून भाषा ठरवली आहे, आणि ती बोलणाऱ्या माणसाला काहीच विचारलेले नाही.

आधी भाषांकडेच पाहू. सर्बियन दक्षिण स्लाव्ह शाखेची, बेलारूसी पूर्व स्लाव्ह. दुधाला एकीत 'म्लेको', दुसरीत 'मालाको'. 'मी विद्यार्थी आहे' हे सर्बियन माणूस 'या साम स्तुदेंत' असे 'आहे'सकट सांगतो; बेलारूसी माणूस 'या स्तुदेंत' एवढ्यावर भागवतो. सर्बियन शब्दाच्या आघातात सुरांचा चढउतार आहे, बेलारूसीत तो नाही. सर्बियनमध्ये महिन्यांची नावे लॅटिन वळणाची आहेत. बेलारूसीत मात्र नोव्हेंबर म्हणजे 'लिस्तापाद', म्हणजे पानगळ. हाच शब्द 'लिस्तोपाद' या रूपात कॅथलिक क्रोएशियात ऑक्टोबरसाठी वापरतात. आता धर्मावरून आणि लिपीवरून सोयरीक जुळवणाऱ्यांनी या पानगळीचे काय करायचे? शिवाय सर्बियन माणूस खिशाला 'जेप' म्हणतो, साखरेला 'शेचर' आणि शत्रूला 'दुश्मानिन'. उस्मानी तुर्कांच्या अमलात आलेले हे शब्द आपल्याला अनोळखी वाटू नयेत. तुर्क गेले, शब्द राहिले. कोणत्याही राष्ट्रभक्ताला आपला खिसा उलटा करून तो शब्द झटकून टाकता आलेला नाही.

दोन्ही भाषांत खरे साम्य आहे ते वेगळ्याच ठिकाणी. दोघींनीही पोथीतल्या भाषेऐवजी लोकांच्या तोंडची भाषा कागदावर आणली. वुक कराजिच यांनी १८१८ मध्ये सर्बियन शब्दकोश काढला आणि 'बोलता तसे लिहा' हे तत्त्व लावून धरले. त्यांनी लिपीत 'य' या उच्चारासाठी एक लॅटिन अक्षर घेतले, तर धर्ममार्तंडांनी ओरड केली की हा माणूस आपल्याला कॅथलिकांच्या दावणीला बांधतो आहे. एका अक्षरावरून धर्म बुडाला! बेलारूसीचे व्याकरण ब्रानिस्लाव ताराश्केविच यांनी १९१८ मध्ये लिहिले. रशियन माणूस लिहितो 'मोलोको' आणि उच्चारतो 'मालाको'च्या जवळपास. बेलारूसीत उच्चार तसेच लेखन.

इथून पुढे मात्र दोघींच्या वाट्याला उलटसुलट भोग आले.

सर्बियनच्या बाबतीत एका बोलण्याची चार नावे झाली. युगोस्लाव्हियात तिला सर्बो-क्रोएशियन म्हणत. १९९१ पासून देश फुटला, आणि आज सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन अशा चार प्रमाणभाषा आहेत. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा तीन भाषांत छापला जातो. 'पुशेन्ये उबिया', धूम्रपानाने मरण येते. पहिल्या दोन ओळी अक्षरशः एकच. तिसरीत तेच शब्द सिरिलिकमध्ये. युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या न्यायाधिकरणाने तिन्हींना मिळून एकच दुभाषी विभाग ठेवला. मारणारा आणि मरणाऱ्याचा नातलग तिथे एकाच भाषेत बोलत होते.

यावरून कोणी म्हणेल, मग बोस्नियाच्या मुसलमानांनी आपल्या भाषेला बोस्नियन म्हणण्याचा हट्ट कशाला? हा प्रश्न लबाडीचा आहे. त्याच कराजिच यांनी १८४९ मध्ये छापलेल्या लेखात मुसलमान आणि कॅथलिक या शेजाऱ्यांनाही सर्बच ठरवून टाकले होते. आपली भाषा बोलतो तो आपलाच, हे ऐकायला उदार वाटते. पण समोरच्याला स्वतःचे नाव उरत नाही. भाषेला कोणत्या नावाने हाक मारायची, हे बोलणाऱ्याने ठरवावे. आक्षेप नावाला नाही. नावावरून माणसाचा धर्म हुडकणाऱ्याला आहे.

बेलारूसीचे नेमके उलट झाले. ती वेगळी भाषा असून तिला नावच नाकारले गेले. लिथुआनियाच्या महाराज्याचे १५२९, १५६६ आणि १५८८ चे कायदे तिच्याच पूर्वरूपात लिहिलेले आहेत. पुढे पोलिश सत्ताधाऱ्यांनी तिला खेडवळ म्हटले आणि रशियन सत्ताधाऱ्यांनी रशियनची बोली म्हटले. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने तिचे लेखननियम रशियनच्या जवळ नेले. २९ ऑक्टोबर १९३७ च्या रात्री मिन्स्कमध्ये शंभराहून अधिक लेखक, विचारवंत, कार्यकर्ते गोळ्या घालून मारले गेले. व्याकरणकार ताराश्केविच यांना १९३८ मध्ये तेच मरण आले. १९९० मध्ये ती एकमेव राजभाषा झाली. १९९५ च्या सार्वमताने रशियनला तिच्याबरोबरीचा दर्जा दिला. बरोबरी कागदावरची. २००९ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी बेलारूसी ही मातृभाषा सांगितली, पण घरात ती बोलणारे जेमतेम चौथा हिस्सा निघाले. तिच्यासाठी १९८९ पासून काम करणारी, स्कारिना यांच्या नावाची भाषासंस्था २०२१ मध्ये कोर्टाच्या हुकमाने बंद करण्यात आली.

एकीला चिरून चार केले, दुसरीला गिळून नाहीशी करायला निघाले. सुरी आणि जबडा वेगळे असले तरी भूक एकच: एक धर्म, एक लिपी, एक भाषा, एक राष्ट्र.

या भुकेला उत्तर देणारा पुरावा मुसलमानांच्या घरांत सापडतो. बोस्नियात मुहम्मद हवाई उस्कुफी यांनी १६३१ मध्ये बोस्नियन-तुर्की शब्दकोश पद्यात रचला. लिपी अरबी, भाषा तिथल्या मातीची. तिकडे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराज्यात वसलेले तातार आपली तुर्की बोली विसरले, दीन विसरले नाहीत. त्यांनी आपल्या 'किताब' नावाच्या हस्तलिखितांत अरबी अक्षरांनी बेलारूसी लिहिली. चर्चचे लेखनिक जुन्या धर्मभाषेच्या वळणाने लिहीत. तातारांना तो वारसा नव्हता, म्हणून ते कानाला ऐकू येईल तसे लिहीत. त्या काळी बेलारूसी माणूस कसा बोलत होता, हे जाणायला आज भाषातज्ज्ञ या किताबांकडे वळतात. ज्यांना परके म्हटले, त्यांनीच घरचा उच्चार जपला. आणि १७ मे १९९२ रोजी सारायेवोची प्राच्यविद्या संस्था तोफांनी जाळली गेली, तेव्हा पाच हजारांहून अधिक हस्तलिखितांची राख झाली. अरबी लिपीतले बोस्नियन लेखनही त्यात होते. तोफ डागणाऱ्यांना ते दुसऱ्याचे वाटले.

हे सारे दूरचे आहे का? 'तुमची मातृभाषा उर्दू ना? मग मराठी इतकी छान कशी?' हे कौतुक आपण सर्वांनी ऐकले आहे. शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. तरी आपली परीक्षा दर पिढीला नव्याने घेतली जाते. पण नुसते गाऱ्हाणे मांडून आपली सुटका नाही. कोकणी ही मराठीची बोलीच, असे मराठी लेखक वर्षानुवर्षे ठासून सांगत आले. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानले, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. तरी तो सूर पुरता बंद झालेला नाही. बेलारूसी माणसाला मॉस्कोतून जे ऐकावे लागले, तेच कोकणी माणसाला आपल्याकडून ऐकावे लागले. तेव्हा आपल्यापैकी किती जण विरोधात बोलले?

आपल्या मराठीवरचा हक्क आपण छातीठोकपणे सांगू, सांगायलाच हवा. पण शेजाऱ्याच्या भाषेचे नाव ठरवायला निघालो, तर आपली परीक्षा घेणाऱ्यांना कोणत्या तोंडाने जाब विचारणार?