पोटाला पट्टा बांधला, पण जेवायला वेळ कोण देणार?



या खेपेस आमच्याकडे आलेल्या एका पत्राविषयी लिहावे असे ठरवले आहे. पत्र एका बांधवाचे आहे. त्यांच्या पत्नीच्या जठरावर वजन कमी करण्यासाठी पट्टा बसवलेला आहे. डॉक्टर त्याला गॅस्ट्रिक बँड म्हणतात. पहिल्या वर्षी वजन चांगले उतरले. आता मात्र घास अडकतो, उलटी होते, आणि तरीही वजन पुन्हा चढू लागले आहे. बांधव विचारतात, "खाल्लेले बाहेर पडते, मग वजन वाढते कसे? ही चोरून खाते काय? पैसे पाण्यात गेले असे समजायचे काय?"

पत्र वाचून आम्ही खिन्न झालो. पत्रात ऑपरेशनचा खर्च आहे, काट्यावरचे आकडे आहेत, पण त्या माउलीच्या जेवणाविषयी एक ओळ नाही. ती कधी जेवते, किती मिनिटे जेवते, बसून जेवते की ओट्याशी उभ्या उभ्या, हे कुठेच लिहिलेले नाही. घरात कोणी पाहिलेही नसावे!

आम्ही डॉक्टर नव्हे. दिवसा कचेरीत हिशेब लिहिणारे कारकून, आणि संध्याकाळी वस्तीतल्या माणसांसोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहणारे कार्यकर्ते. त्या रांगेत डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून, पट्टा बसवलेल्या भगिनींचे ऐकून जे समजले ते सांगतो.

आधी हा पट्टा म्हणजे काय ते पाहू. सिलिकॉनची एक पोकळ कडी जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसवतात. त्यामुळे कडीच्या वर एक लहानशी पिशवी तयार होते. कडीपासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या डबीला जोडलेली असते. त्या डबीत सुईने सलाईन घातले की कडी आवळते, काढले की सैल होते. जठर कापत नाहीत, आतड्याला हात लावत नाहीत. दुर्बिणीतून हा पट्टा बसवण्याचे ऑपरेशन १९९३ साली बेल्जियममध्ये झाले, २००१ साली अमेरिकेत त्याला सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही असे पट्टे बसू लागले. अलीकडे जठराचा भाग कापून ते अरुंद करण्याच्या किंवा बायपासच्या ऑपरेशनांकडे डॉक्टरांचा कल आहे. नवे पट्टे फार कमी बसतात. पण ज्यांच्या पोटात तो आहे त्यांना रोज त्याच्यासोबतच जेवायचे आहे.

आता त्या बांधवाच्या प्रश्नाचे उत्तर. पट्टा घट्ट घास अडवतो, पातळ पदार्थ अडवत नाही. घाईत खाल्लेली चपाती अडकते, छातीत कळ येते, तोंडाला पाणी सुटते आणि घास उलटून पडतो. असे चार वेळा झाले की माणूस चपाती, उसळ, मासळी सोडून देतो आणि जे सुखाने खाली उतरते त्याकडे वळतो. साखरेचा चहा, चहात बुडवलेले बिस्कीट, शरबत, आईस्क्रीम, तोंडात विरघळणारी शेव. हे सगळे पट्ट्यातून सरसर खाली जाते, पोट भरत नाही, भूक भागत नाही, आणि साखर-तुपाची भर मात्र पडत राहते. म्हणून उलट्याही होतात आणि वजनही चढते. याला चोरून खाणे म्हणत नाहीत. बिचारीच्या घशाखाली जे उतरते ते ती खाते!

पुष्कळ वेळा याचे मूळ पट्टा जास्त आवळलेला असण्यात असते. लोकांना वाटते, वजन वाढले म्हणजे पट्टा सैल झाला, अजून आवळून घ्या. असेही घडते. पण जिथे उलट्या आहेत, रात्री आडवे झाल्यावर घशाशी आंबट येते, खोकल्याची उबळ येते, तिथे डॉक्टर अनेकदा थोडे सलाईन काढून पट्टा सैल करतात. मग ती बाई पुन्हा धड जेवू लागते आणि वजनही आटोक्यात येते. पट्टा जागचा सरकलेला असेल किंवा वरची पिशवी फुगली असेल, तर तेही डॉक्टरांना पांढरे औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत दिसते. घरी बसून आले-लिंबू चाटून हे कळणार नाही.

आता जेवणाविषयी. पट्टा असलेल्या माणसाने जेवायला २० ते ३० मिनिटे द्यावीत. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा घ्यावा. २०-२५ वेळा चावावा, तोंडात त्याची पेज झाली की गिळावा, आणि पुढचा घास उचलण्याआधी क्षणभर हात ताटात ठेवावा. छातीच्या मध्यावर दाब वाटला, उचकी लागली, नाकातून पाणी आले, की थांबावे. ताटात दोनच घास उरले असले तरी थांबावे. अन्न टाकू नये हे आपल्या आयाबायांनी उपाशी दिवस काढून शिकवलेले आहे, त्यामुळे हे आपल्याला फार जड जाते. तर मग ताटात वाढून घेतानाच एक लहान वाटीभर घ्यावे.

जेवताना पाणी पिऊ नये. जेवल्यानंतर अर्धा तास गेल्यावर प्यावे. पाण्याने अन्न पातळ होऊन खाली निघून जाते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. सोड्याची थंड पेये वर्ज्यच समजा.

हे सगळे ऐकायला सोपे आहे. पण आमच्या वस्तीतल्या किती बायकांना जेवायला अर्धा तास मिळतो? पहाटे नळाचे पाणी, मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, मग स्वतः कामाला. दुपारच्या सुट्टीत अर्ध्या तासात हात धुणे, डबा उघडणे, जेवणे, डबा धुणे. रात्री सगळ्यांचे झाल्यावर तव्याखाली उरलेले पाच मिनिटांत आटोपणे. वर्षानुवर्षे अशी जेवलेली बाई ऑपरेशन झाले म्हणून एका रात्रीत २५ वेळा चावू लागणार नाही. डॉक्टर तिच्या पोटात पट्टा बसवू शकतात, तिच्या घड्याळात वेळ घालू शकत नाहीत. तो वेळ घरच्यांनीच काढून द्यायचा आहे.

आमच्या ओळखीच्या एक ताई झाडूकाम करतात. त्यांच्याकडेही असेच चालले होते. वाढत्या वयाच्या मुलाने एक दिवस हिशेब मांडला की आई बसून जेवते ते आठवड्यातून एकदा, रविवारी. मग त्याने रात्रीच्या भाकऱ्या स्वतः थापायला घेतल्या. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्या म्हणजे नकाशेच होते म्हणे! पण ताई सगळ्यांबरोबर पाटावर बसू लागल्या. कामावर त्या डबा दोन वेळा थोडाथोडा उघडतात, मुकादमाशी बोलून घेतले आहे. उलट्या कमी झाल्या. वजन झपाझप उतरले असे नाही, पण चढणे थांबले आहे.

खायचे काय? महागडे डबाबंद पावडर आणलेच पाहिजे असे नाही. अशा रुग्णांना दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आहारतज्ज्ञ सांगतात. आम्ही पडलो हिशेबी माणूस, म्हणून बेरीज मांडून पाहिली. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, दूध-दही मिळून दोन पेले त्यात १२-१३, घट्ट वरण किंवा मुगाची मऊ उसळ दोन लहान वाट्या त्यात १२, १०० ग्रॅम ताज्या मासळीत १८ ते २०. झाले साठाच्या आसपास! हे दिवसभरात चार-पाच वेळा थोडेथोडे खायचे, आणि ताटात आधी हेच संपवायचे. भात-भाकरी नंतर, जागा उरली तर. सुकट-बोंबील आपल्या घरात असतातच, त्यांत प्रथिने भरपूर. मात्र मीठ फार असते म्हणून भिजवून दोन पाण्यांत धुवावेत, आणि काटे डोळ्यांत तेल घालून काढावेत. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ते क्वचितच खावेत. कुळथाचे पिठले, मऊ शिजवलेली मसूर, फुटाण्याचे पीठ ताकात कालवून, हेही चालते.

सहसा अडकतात ते पदार्थ म्हणजे पाव, गरम मऊ चपाती, गोळा होणारा चिकट भात, कोरडे चिकन, तंतूंचे मटण, शेवग्याची शेंग, ओल्या खोबऱ्याचे तुकडे. वडापाव तर पट्ट्याचा वैरीच. भाकरी कडक करून चुरावी आणि पिठल्यात किंवा घट्ट आमटीत कालवावी. मटण खायचेच असेल तर खिमा, रश्श्यात चांगला शिजवलेला. अर्थात प्रत्येकाचा पट्टा वेगळा. एकीला भात चालतो, दुसरीला अजिबात नाही. आणि हे सगळे ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने सरल्यावरचे आहे. त्याआधी पातळ, मग कुस्करलेले, मग मऊ अशा पायऱ्या डॉक्टर लिहून देतात, त्या चुकवू नयेत.

घास अडकलाच तर? मासळीचा काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. पट्टा असलेल्याला हे मुळीच सांगू नका! पाणीही पाजू नका. वरून काहीही ढकलले की दाब वाढतो. खाणे थांबवावे, उभे राहावे, सावकाश फिरावे, घास खाली जाण्याची किंवा बाहेर पडण्याची वाट पाहावी. आतली जागा सुजलेली असते, म्हणून पुढचा दिवसभर पातळच घ्यावे, मग मऊ. अडकल्यावर लगेच "राहिलेले जेवून घे" म्हणणारी सासू प्रेमानेच म्हणते, पण त्याने पुन्हा अडकते.

पाणी किंवा स्वतःची लाळसुद्धा उतरत नसेल, उलट्या दिवसभर थांबत नसतील, पोटात जोराची कळ येत असेल, उलटीत रक्त किंवा शौच काळी होत असेल, डबीच्या जागी लाली येऊन ताप भरत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. सोमवारची वाट पाहू नये. पुष्कळ दिवस उलट्या होत राहिल्या आणि मग चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, एकाची दोन माणसे दिसू लागली, तर तेही तातडीचे आहे. शरीरातले ब-१ जीवनसत्त्व संपल्याने असे होऊ शकते आणि वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही तर कायमची हानी होते. अशा बाईला "अंगात आले" म्हणून बसवून ठेवू नका.

वजन महिना-दीड महिना जागचे हलत नाही, असेही होते. पट्ट्याने वजन मुळातच सावकाश उतरते, आठवड्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झाले. काट्यावर रोज उभे राहू नये, आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. थांबलेल्या वजनावर उपाय म्हणून उपास करू नये. सात दिवस वहीत सगळे लिहावे, चहाचे कपही, शेजारणीने दिलेला लाडूही. ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

इथेच आमच्या बायका अडखळतात. वजन वाढले म्हणून डॉक्टर रागावतील, घरचे बोलतील, गाडीभाडे आणि फी पुन्हा द्यावी लागेल, म्हणून त्या तपासणीला जाणेच टाळतात. सहा महिने जातात, वर्ष जाते, आणि सुईच्या एका टोचणीने निभावले असते ते दुसऱ्या ऑपरेशनवर येते. पट्टा काढावा लागला तरी त्यात त्या बाईचा गुन्हा नाही. कित्येकांचे पट्टे काढावे लागले आहेत आणि त्यानंतर दुसरे उपचारही करता येतात.

आणि वस्तीतल्या मंडळींनाही एक सांगायचे आहे. वैशाखी पौर्णिमेच्या खीरदानात, जयंतीच्या भोजनात, लग्नाच्या पंगतीत "अगं, एवढेच? आमचा मान ठेव" म्हणून वाढू नका. खीर तिच्या पट्ट्यातून विनासायास उतरेल, म्हणूनच दोन चमच्यांवर तिला थांबू द्या.

औषधांचेही लक्षात असू द्यावे. अंगदुखीवर औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या, घेऊ नयेत. त्यांनी जठराला जखम होऊ शकते. मोठी गोळी फोडून घ्यायची की नाही हे विचारूनच ठरवावे, काही गोळ्या फोडायच्या नसतात. वजन उतरल्यावर साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते, तेही डॉक्टरांकडूनच. जीवनसत्त्वांची गोळी चालू ठेवावी आणि वर्षातून एकदा रक्त तपासून लोह व ब-१२ पाहावे. दिवस राहिले तर लगेच कळवावे, कारण गरोदरपणात पट्टा सैल करावा लागू शकतो.

ऑपरेशनच्या वेळी मिळालेले कार्ड शोधून ठेवा. त्यावर पट्ट्याचा प्रकार आणि तारीख असते. शेवटी किती सलाईन घातले तेही डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. रात्री-अपरात्री दुसऱ्याच इस्पितळात न्यावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच दाखवायचे.