सबच खाते, बेटा!

२०२४ च्या विधानसभा मतदानाआधी आम्ही दर्यापूर तालुक्यात आमच्या खालूंकडे गेलो होतो. कोण येणार, कोण पडणार, जोरात चर्चा चालू होती. आम्ही भ्रष्टाचाराचा विषय काढला तसे खालू हसले. "सबच खाते, बेटा!" तेवढ्यात दारात पाण्याची कॅन आली. खालूंनी वीस रुपये दिले आणि विषय तिथेच संपला.

खरे तर तो तिथूनच सुरू व्हायला हवा होता. अमरावती, अकोला, बुलढाण्यातली शेकडो गावे खारपाणपट्ट्यात आहेत. बोअरचे पाणी ना पिकाला चालते, ना पोटाला. आशा धरणांची. आणि धरणांच्याच पैशावर २०१२ मध्ये सिंचन घोटाळ्याचे आरोप झाले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून तक्रार केली. उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सप्टेंबरात राजीनामा दिला, डिसेंबरात ते त्याच पदावर परतले. २०१९ मध्ये लाचलुचपत विभागाने त्यांच्यावर जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाला सांगितले. आरोप करणारे पुढे त्यांच्याच सोबत सत्तेत बसले. वादात आपला निम्न पेढी प्रकल्प होता, बुलढाण्याचा जिगावही होता. जिगावचा खर्च कित्येक पटींनी वाढला, पण २०२४ च्या मतदानापर्यंत धरण पुरे झाले नव्हते. यावर मते मागणाऱ्यांना आपल्या मोहल्ल्यात कोणी काही विचारले का?

आम्हीही विचारले नाही. आमच्या घरातही एकच हिशोब असतो, कोण येऊ नये. ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीपायी आपण आपल्या उमेदवाराला एकही प्रश्न विचारत नाही, आणि हे त्याला पक्के ठाऊक असते.

कुठे पाचशेची नोट येते. पाच वर्षांवर वाटली तर दिवसाला सत्तावीस पैसे पडतात. खालूंची कॅन वीस रुपयांची!

मत ही अमानत आहे, शहादत आहे. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले शपथपत्रात असतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पुढच्या वेळी दस्तरखानावर ते सगळ्यांना वाचून दाखवा. उमेदवार घरी आला तर चहा जरूर द्या, पण आधी बोअरच्या पाण्याचा एक ग्लास त्याच्यापुढे ठेवा आणि धरणाचे काय झाले ते विचारा. इन्शाअल्लाह, खालूंच्या ओसरीवर पहिला ग्लास आम्हीच ठेवू.