पावणेदोन तास कोणाचे?



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. मुंबई आता पावणेदोन तासांवर आली म्हणतात. विमानाशी आपले वैर नाही. ज्याला उडायचे त्याने खुशाल उडावे. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडा. अर्धा हिशेब सावकार मांडतो.

बेलोरा ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ५४० किलोमीटर. ७२ आसनांचे एटीआर विमान ऐन वेगात तासाला ५०० किलोमीटर कापते. म्हणजे तास-सव्वा तास पुरावा. मग पावणेदोन तास कशाला? धावपट्टीवर जाणे, चढणे, उतरणे, मुंबईच्या गर्दीत आपली पाळी येण्याची वाट पाहणे, हे सारे त्यात धरलेले असते. विमान कंपनी रांगेतला वेळसुद्धा हिशेबात धरते. आपला रांगेतला वेळ कोणी धरला?

दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचे मंत्रालयात काम निघाले असे समजा. गावातून एस.टी. स्टँड अर्धा तास. अमरावती दीड तास. तिथून बेलोरा अर्धा तास. विमानतळावर तासभर आधी हजर. मग ते पावणेदोन तास. मुंबईत बाहेर पडायला अर्धा तास, मंत्रालयापर्यंत दीड तास. बेरीज सव्वासात तास! आणि ही एस.टी. वेळेवर आली तरची गोष्ट. यात विमानाचा वाटा जेमतेम चौथाई. उरलेले तीन हिस्से जमिनीवरच जातात.

सरकारचा पैसा कुठल्या हिश्शावर खर्च होतो? २०१६ साली जाहीर झालेल्या उडान योजनेत काही जागांचे भाडे बांधून दिले आणि कंपनीची तूट निधीतून भरून देण्याची सोय केली. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे तेव्हा सांगितले गेले. विमानाचा तोटा झाला की त्याला व्यवहार्यता निधी म्हणायचे, एस.टी.चा झाला की गैरकारभार, आणि कापूस-ज्वारीवाल्याचा झाला की नशीब!

आणि आपला माल? माणसे उतरवून ते विमान भरले तरी वजन पेलेल सत्तर-पंचाहत्तर क्विंटल. एका ट्रकचा माल. आपला कापूस बंडीने, ट्रॅक्टरनेच जाणार. त्याची वाट पांदणीतून जाते आणि खरेदी केंद्राच्या काट्यापुढे थांबते. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला इंग्रजांच्या काळात कापसासाठीच धावू लागली. तीही बंद पडली.

करता येत नाही असे कोणी सांगू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम केला गेला. हमरस्त्याला तास मोजले जातात. पांदणीला पावसाळे मोजावे लागतात.

म्हणून मेळाव्यात ठराव एकच मांडू. विमानाच्या वेळापत्रकाशेजारी प्रत्येक तालुक्याचे वेळापत्रक लावा: शेत ते डांबरी रस्ता किती वेळ, गाव ते तालुका किती, काट्यापुढे किती. आणि पहिला पैसा जिथे सर्वांत जास्त तास जातात तिथे घाला. दर्यापूर ते अमरावती अर्धा तास वाचला तर विमानात बसणाऱ्याचा वाचेल, आणि कधीच न बसणाऱ्या हजारोंचाही वाचेल.

येताना आपापल्या गावाचे तास कागदावर लिहून आणा. अंदाज नको, घड्याळ लावून मोजा.