तोंड आले आहे, काहीतरी द्या

‘तोंड आले आहे, काहीतरी द्या’ हे वाक्य आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत दररोज कानी पडते. बहुतेक वेळा त्यामागे गंभीर कारण नसतेही. जागरण, मलावरोध, अतितिखट आहार, दाताची टोकदार कड अशा कारणांनी ओठांच्या वा गालांच्या आतील बाजूस व्रण उठतात आणि सात ते चौदा दिवसांत भरून येतात. मुखपाकावर आपल्याकडे उपायांची वाण नाही. त्रिफळा क्वाथाचा गंडूष, जाईच्या पानांचा काढा, ज्येष्ठमध, खदिरादी वटी, इरिमेदादी तैल यांपैकी काहीही योजिले तरी दाह शमतो आणि रुग्णास बरे वाटते. या ‘बरे वाटण्या’विषयीच आम्हांस येथे काही लिहावयाचे आहे.

दाह शमणे म्हणजे व्रण भरणे नव्हे. एक उदाहरण आम्ही विसरू शकत नाही. पन्नाशीतील एक गृहिणी जिभेच्या कडेवरील व्रणासाठी आमच्याकडे येत असत. तंबाखू खाता का, या प्रश्नास त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले आणि ते खरेही होते. मशेरी लावता का, हे मात्र आम्ही विचारले नाही. तैलाने आराम पडे, म्हणून त्या पुन्हा तेच तैल नेत. अडीच महिन्यांनी मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा आमचे डोळे उघडले. त्या व्रणास आम्ही एकदाही बोट लावून पाहिले नव्हते. औषध चुकले नव्हते. चूक होती ती आमच्या वाट पाहण्यात.

शास्त्राने आपणांस असे वागण्यास सांगितलेले नाही. सुश्रुताचार्यांनी सात अधिष्ठानांतील पासष्ट मुखरोग वर्णिले आणि त्यांतील काही स्पष्टपणे असाध्य ठरविले. जिभेखालील ‘अलास’ आणि तालूचे ‘अर्बुद’ यांची गणना त्यांतच होते. साध्यासाध्य विचार हा चिकित्सेचा आरंभ आहे. ‘हे माझ्या हातातले नाही’ असे वेळीच सांगणे ही वैद्याची हार नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, मुखपाकाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर व्रण दिसल्याची तारीख लिहावी. जिभेच्या कडा, जिभेखालील भाग आणि गाल व हिरडी यांमधील खाच बॅटरीच्या प्रकाशात पाहावी व हातमोजा घालून चाचपावी. कारण दूर करून आणि उपचार देऊनही दोन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर तिसरी पुडी न बांधता मुख अथवा कर्करोग तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी द्यावी. व्रणाची कड कठीण लागत असेल, पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा असेल, मानेत गाठ असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा तोंडात तीन बोटे मावत नसतील, तर दोन आठवडेही थांबू नये. वेदना नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. आरंभीचा कर्करोग पुष्कळदा दुखत नाही.

दुसरी सूचना औषधी दुकानदार बंधूंसाठी. त्याच माणसाने महिन्याभरात दुसऱ्यांदा तोंड आल्याचे औषध मागितले, तर ‘व्रण किती दिवसांचा आहे?’ आणि ‘दुसरी कोणती औषधे चालू आहेत?’ हे दोन प्रश्न विचारावेत. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली गेल्यास तोंडात व्रण उठतात आणि जिवावर बेतू शकते. थायरॉईडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्यास ताप येऊन तोंड आले, तर त्याच दिवशी रक्ततपासणी व्हावयास हवी. अशा रुग्णास तैलाची बाटली देऊन घरी पाठविणे धोक्याचे आहे. वारंवार तोंड येण्यामागे लोह, बी-१२ किंवा फोलिक आम्ल यांची न्यूनताही असू शकते.

तिसरी गोष्ट सुपारीची. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा, मावा आणि मशेरी यांची सवय सुटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविना केवळ सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. दिनचर्येतील तांबूलाचा दाखला देऊन आपण सुपारीस अभय देत राहणे आता योग्य नाही.

काही स्नेही म्हणतात की, रुग्ण पुढे पाठविला की तो परत येत नाही. आमचा अनुभव निराळा आहे. वेळेवर पाठविलेला रुग्ण कुटुंबासह परत येतो. उशिरा पाठविलेल्याचे नातेवाईक उंबरठाही चढत नाहीत. तिरुवनंतपुरम येथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी केलेल्या मुखतपासणीमुळे तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याजवळ प्रकाश आणि दृष्टी यांखेरीज फारसे काही नव्हते. आपल्याजवळ तर ही दोन्ही आहेत, शिवाय रुग्णाचा विश्वासही आहे.

तो विश्वास आपल्या औषधांनी मिळविला आहे. तो टिकवावयाचा असेल, तर ‘काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यास आधी ‘तोंड उघडा’ असे सांगावे, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस आमची आग्रहाची विनंती आहे.